गॉकचं स्विच, राहिलेला ब्रेक आणि वापसीत गेलेली सगळी केळी

मी रावेरचा. बीकॉम झाल्यावर एका केळी व्यापाऱ्याकडे हिशोबाला लागलो, तिथल्या रोजच्या टेक्स्ट फाइल्स ऑकनी (ओळी-ओळीने मजकूर चाळणारी छोटी प्रोग्रॅमिंग भाषा) चाळायचो. फिल्ड, पॅटर्न वगैरे तुम्हाला येतं असं धरून चालतोय.

मालाच्या प्रत्येक प्रकाराला वेगळी वजावट, म्हणून इफ-एल्सची ही लांब शेपटी झालेली. कुणीतरी म्हणे स्विच वापर, म्हणजे प्रत्येक प्रकाराला एक केस लिहायची, सुटसुटीत दिसतं. दिसतं खरं, पण माझी तिथेच माती झाली.

गॉकमध्ये, म्हणजे ऑकच्या जीएनयूवाल्या आवृत्तीत, एक केस जुळली की तो तिथून खाली सुटतो तो सुटतोच, पुढच्या केसला काय लिहिलंय ते बघत पण नाही, ब्रेक (इथे स्विचमधून बाहेर पड, असं सांगणारी ओळ) आडवा आला तरच थांबतो. तीन ओळींची फाइल धरा. नवती 18 क्विंटल, पिलबाग 12, वापसी 5, ही सगळी केळीच्या मालाच्या प्रकारांची नावं. केस याच क्रमाने, ब्रेक एकही नाही. नवतीचे 18 नवतीत पडले, मग पिलबागमध्ये पडले, मग वापसीत पण पडले. पिलबागचे 12 तसेच घसरत वापसीत. छापून आलं नवती 18, पिलबाग 30, वापसी 35. एरर नाही, काही नाही. मी शहाण्यासारखा फक्त पहिला आकडा ताडून पाहिला, तो बरोबरच होता ना, आणि कागद शेठना दिला. ते म्हणे, "काय रे भाऊ, सगळा मालच वापसी गेला का?" कान लाल झाले माझे.

तेव्हापासून केस लिहिली की आधी ब्रेक टाकतो, मधलं नंतर भरतो. डिफॉल्ट (कुठल्याच केसमध्ये न बसलेल्या ओळींसाठीचा भाग) नसताना शेवटच्या केसमध्ये पूर्ण फाइलची बेरीज दिसली तर दुसरीकडे शोधूच नका, ब्रेकच राहिलाय.

पण घाबरायचं नाही, हे सगळ्यांचं एकदा होतंच. आणि हे घसरणं कामाचं पण आहे. आमच्याकडे कुणी पिलबाग टाइप करतं, कुणी पीलबाग. दोन्ही केस एकाखाली एक ठेवायच्या, वरची रिकामी, झालं काम. शॉर्टकट म्हणून नुसतं बाग असं रेगेक्स (मजकूर जुळवायचा नमुना) केसमध्ये टाकाल तर कांदेबाग हा वेगळा प्रकार पण त्यातच जाईल, तो नाद करू नका. डिफॉल्टमध्ये ती ओळ छापून घ्या, नवीन स्पेलिंग लगेच सापडतं.

नुसती बेरीज पाहिजे असेल तर स्विच कशाला, अ‍ॅरेमध्ये एका ओळीत होतं. हे मला क्लासच्या सरांनी कधी सांगितलं नाही, त्यांना स्लाइड संपवायची घाई.

अजून एक, हे स्विच गॉकचं स्वतःचं आहे, पॉसिक्स म्हणजे ऑकच्या सामाईक मानकात नाही. 2011 च्या 4.0 पासून ते आपोआप चालू असतं, पण डेबियन-उबुंटूवर ऑक म्हटलं की बऱ्याचदा मॉक, म्हणजे ऑकची दुसरी एक आवृत्ती, चालतो आणि त्याला हे कळतच नाही. भुसावळला मित्राच्या लॅपटॉपवर माझी चांगली चालणारी स्क्रिप्ट सिंटॅक्स एरर देत होती आणि मी अर्धा तास महिरपी कंस मोजत बसलेलो.