गाडी लावण्याआधी पार्किंगचा बोर्ड नीट कसा वाचायचा

पुण्यात गाडी उचलून नेली की आपण टोइंगवाल्यांच्या नावाने बोटं मोडतो, पण बऱ्याचदा बोर्ड नुसता बघितलेला असतो, वाचलेला नसतो. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

लाल कडेचा निळा गोल आणि त्यावर एकच तिरकी लाल रेघ असेल तर नो पार्किंग, म्हणजे कुणाला उतरवायला क्षणभर थांबलात आणि स्वतः स्टीअरिंगवर बसून असाल तर ठीक. पण त्याच गोलावर लाल फुली असेल तर ते नो स्टॉपिंग, तिथे आजीला उतरवायलाही थांबायचं नाही, पुढे जाऊन उतरवा. दुरून दोन्ही सारखेच दिसतात, तेव्हा रेघा मोजाच. खाली छोट्या पाटीवर वेळ किंवा बाण असेल तर तेही वाचा, बाण ज्या बाजूला त्या बाजूला तो नियम लागू.

आता रस्त्याच्या दोन बाजूंना लावलेले पी१ आणि पी२ हे बोर्ड, बाहेरगावचे लोक इथेच अडकतात. विषम तारखेला पी१ च्या बाजूला लावायची, सम तारखेला पी२ च्या. सोपं आहे, पण दोन ठिकाणी घोळ होतो. एक म्हणजे १५ तारखेला रात्री पी१ ला लावून झोपलात तर सकाळी १६ उजाडलेली असते आणि गाडी चुकीच्या बाजूला. दुसरं, ३१ तारखेनंतर १ येते, दोन्ही विषम, म्हणजे लागोपाठ दोन दिवस पी१ च! "काल इकडे होती म्हणजे आज तिकडे" असा हिशोब करणारे त्या दिवशी हमखास फसतात, त्यामुळे मोबाईलमध्ये तारीख बघूनच लावा.

"गेटसमोर गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल" ही पाटी घरमालकाची असते, हवा सोडायचा हक्क त्याला कायद्याने नाही, पण गेट अडवणं मात्र पाटी नसली तरी चूकच. तसंच फूटपाथ, बसस्टॉप, झेब्रा क्रॉसिंग, चौकाचा कोपरा, हॉस्पिटलचं गेट, इथे बोर्डाची वाट बघू नका. पेठेतल्या अरुंद गल्लीत एक कार आडवी लागली की अँब्युलन्स तिथेच अडकते हो, आत पेशंट असतो.

दंड पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा सापडलात तर १५००, टोइंगचे पैसे वेगळे.