वीकेंड घरच्यांचा, सकाळ गोल्फची: निघण्याआधीची तयारी

यादीतली पहिली गोष्ट बॅगेत भरायची नाही, घरात बोलून घ्यायची आहे. दोन दिवसांतले नेमके किती तास गोल्फला जाणार, हे आठवडाभर आधी सगळ्यांसमोर ठरवून टाका. चौघांच्या गटाला 18 होल, म्हणजे एक पूर्ण राउंड, खेळायला चार ते साडेचार तास लागतात, कोर्सवर गर्दी असेल तर पाचही. आधीचा सराव, बूट बदलणं आणि नंतरच्या गप्पा धरल्या की अर्धा दिवस गेलाच. ‘दोन तासांत आलोच’ म्हणून निघणाऱ्यावर घरचे पुढच्या वेळी विश्वास ठेवत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. त्यापेक्षा 9 होल खेळा. 18 च खेळायचे असतील तर शनिवारचा अगदी पहाटेचा टी टाइम (पहिला फटका मारायची राखून ठेवलेली वेळ) घ्या. पुढे कुणी रेंगाळत नसतं, वारा पडलेला असतो आणि मुलं उठून आवरेपर्यंत निम्मा राउंड उरकतो. पाऊस आलाच तर रविवार हाताशी राहतो. दुपारच्या टी टाइमच्या मात्र वाटेला जाऊ नका. सकाळी लांब कुठे जाता येत नाही आणि संध्याकाळी कुणात दम उरत नाही.

वेळ ठरली की कोर्सला फोन करा. पाहुण्यांना त्या दिवशी खेळू देतात का, हँडिकॅपचा (खेळाच्या पातळीनुसार मिळणाऱ्या सवलतीच्या फटक्यांचा) पुरावा मागतात का, कॉलरचा टी-शर्ट सक्तीचा आहे का, जीन्स चालते का, एवढं विचारून घ्या. भाड्याचा सेट हवा असेल आणि कुणी डावखुरं असेल तर ते आधीच सांगा. डाव्या हाताचे सेट मोजकेच असतात. न खेळणाऱ्यांना सोबत चालू देतात का आणि मुलांना किती वयापासून, हेही. आणखी एक प्रश्न फारसं कुणी विचारत नाही: ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) इतक्यात एरेशन झालंय का? मातीला हवा मिळावी म्हणून ग्रीनभर छोटी भोकं पाडून वर वाळू पसरतात. गवतासाठी ते चांगलंच, पण पुढचे काही दिवस चेंडू उड्या मारत जातो. तसं असेल तर तारीख बदला.

आता सराव. बहुतेक हौशी खेळाडू जायच्या आधी रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, जाऊन लांब फटक्याचा ड्रायव्हर बडवत बसतात. हिशेब बघा: पार 72 च्या, म्हणजे 72 फटक्यांत पुरा व्हावा अशा, कोर्सवर प्रत्येक होलला ग्रीनवरचे दोन हलके फटके (पट) गृहीत धरलेले असतात, म्हणजे 36 फटके, थेट निम्मे, पटरचेच. तेव्हा आठवडाभर रोज दहा मिनिटं घरातल्या सतरंजीवर पाण्याचा पेला आडवा ठेवा आणि त्यात चेंडू घालवत राहा. खरं होल 108 मिलिमीटर रुंद असतं, पेल्यापेक्षा बरंच मोठं. तिथे पोचल्यावर ते ऐसपैस वाटतं. अंगणात जागा असेल तर वेजने (जवळच्या फटक्याच्या काठीने) वीस पावलांवरच्या टॉवेलवर चेंडू टाकायचा सराव करा. स्विंग सुधारायचा विचार मात्र या आठवड्यात अजिबात नको. नवा स्विंग अंगवळणी पडायला महिने जातात आणि अर्धवट बदललेला स्विंग जुन्यापेक्षा वाईट चालतो.

बॅग हलकी ठेवा. नियमाप्रमाणे जास्तीत जास्त 14 क्लब (काठ्या) नेता येतात, पण सगळे न्यायलाच हवेत असं कुठेही लिहिलेलं नाही. लांब फटक्यांसाठी एक हायब्रिड, मधल्या अंतरांसाठी तीन-चार आयर्न, दोन वेज, पटर आणि हौसच असेल तर ड्रायव्हर, एवढ्यात मजेत भागतं. बॅग खांद्यावर घेऊन चालणार असाल तर हे आठव्या-नवव्या होलला पटेल. चेंडू डझनभर घ्या, जुने चालतील. प्रत्येकावर पक्क्या शाईच्या पेनाने आपली खूण करा, दोन लाल ठिपके किंवा काहीही. रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, एकाच कंपनीचे, एकाच क्रमांकाचे दोन चेंडू सापडले आणि आपला ओळखता आला नाही, तर तो हरवलेलाच धरतात. टी (चेंडू ठेवायची खुंटी), ग्रीनवर चेंडूची जागा दाखवायला नाणं, चेंडू आदळून ग्रीनवर पडलेला खळगा (पिच मार्क) बुजवायचा काटा, एक जास्तीचा ग्लव्ह, ओला-कोरडा असा टॉवेल, पाणी, टोपी, सनस्क्रीन. बूट नवे कोरे असतील तर घरीच राहू द्या. 18 होल चालायचे म्हणजे आठ-दहा किलोमीटर होतात.

घरचे सोबत येणार असतील तर त्यांचीही थोडी तयारी करून घ्या. मुलांना आधी दोनच गोष्टी शिकवा: क्लब उचललेल्या माणसाच्या मागे आणि पुढे उभं राहायचं नाही, आणि ‘फोर!’ (चेंडू अंगावर येतोय) अशी आरोळी आली की वर बघायचं नाही, डोकं हातांनी झाकून खाली वाकायचं. बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) दाताळं फिरवण्याचं काम मुलांना द्या, ती ते आनंदाने करतात. अठराही होल त्यांना चालवू नका. शेवटचे तीन-चार पुरे, नाहीतर पटिंग ग्रीनवरच त्यांची स्पर्धा लावून द्या.

खेळाचा प्रकारही घरीच ठरवा, पहिल्या टीवर (सुरुवातीच्या जागेवर) वाद नको. खेळणारे आणि न खेळणारे मिसळून असतील तर स्क्रॅम्बल उत्तम: सगळ्यांनी फटका मारायचा, त्यातला बरा निवडायचा आणि पुढचा फटका सगळ्यांनी तिथूनच घ्यायचा. नवख्याच्या एका लांब पटनेही अख्ख्या गटाची पार वाचते, आणि राउंड पुढे वर्षभर आठवतो तो अशाच पटमुळे. सगळेच खेळणारे असतील तर स्टेबलफोर्ड, म्हणजे प्रत्येक होलला गुण द्यायची पद्धत, लावा. डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांच्या या पद्धतीची इंग्लंडमधल्या वॉलसीला 1932 मध्ये स्पर्धा झाली, तेव्हापासून ती हौशी खेळाडूंची लाडकी आहे. हँडिकॅप वजा करून बोगीला (पारपेक्षा एक फटका जास्त) 1 गुण, पारला 2, बर्डीला (एक कमी) 3. बोगीहून वाईट खेळलात तर शून्य, चेंडू उचला आणि पुढे चला. एका होलला अकरा फटके गेले म्हणून सकाळ नासत नाही.

नियम सगळे पाठ करायची गरज नाही. चेंडू शोधायला 2019 पासून पाचऐवजी तीनच मिनिटं मिळतात. तो हरवला असेल असं वाटलं तर पुढे जाण्याआधी ‘प्रोव्हिजनल’ असं स्पष्ट सांगून दुसरा मारून ठेवा, म्हणजे माघारी चालत यावं लागत नाही. ड्रॉप (चेंडू हातातून खाली सोडणं) गुडघ्याच्या उंचीवरून. पट करताना झेंडा होलमध्ये राहिला तरी चालतो. जो तयार असेल त्याने आधी मारावं, मागच्या गटाचे शिव्याशाप टळतात.

आदल्या रात्री हवामान बघा. पावसात खेळता येतं, विजेत नाही. गडगडाट ऐकू आला की खेळ तिथेच थांबवा. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, नियमच ती मुभा देतो. झाडाखाली थांबू नका, पक्क्या इमारतीत किंवा गाडीत जा.

खेळ संपल्यावर गाडी भरताना क्लब मोजा. ग्रीनपाशी वेज आणि पटर दोन्ही हातात नेलेले असतात, पट झाला की पटर तेवढा उचलला जातो आणि वेज गवतात पडून राहतो. म्हणून ग्रीनवर ठेवताना तो झेंड्याच्या काठीपाशी किंवा बाहेर पडायच्या वाटेवरच ठेवा, आणि दांड्यावर आपला फोन नंबर चिकटवलेला असू द्या.