केबिन क्रू व्हायचंय? तयारी आवाजापासून करा

बारावीचा निकाल लागला की आमच्या पुण्यातल्या हडपसरच्या सोसायटीतली एखादी मुलगी आईला घेऊन माझ्याकडे येतेच. प्रश्न ठरलेला असतो: "ताई, कोणता क्लास लावू?" मी आठ वर्षं विमानात केबिन क्रूचं काम केलंय. माझं उत्तरही ठरलेलंच असतं. क्लासचं नंतर बघू, आधी आवाज मोकळा कर, पासपोर्ट काढ आणि पोहायला शीक.

पासपोर्टसाठी मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घ्या. त्याआधी दहावीची मार्कशीट, जन्मदाखला आणि आधार समोर ठेवून नावाचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून बघा. एका अक्षराच्या फरकापायी महिना जातो.

पात्रता फार अवघड नाही. आपल्याकडच्या बहुतेक विमान कंपन्यांना बारावी पास, वय १८ पूर्ण, मुलींची उंची साधारण १५५ सेंटीमीटर आणि चांगलं हिंदी-इंग्रजी एवढं लागतं. गणवेशात दिसेल असा टॅटू चालत नाही. वयाची वरची मर्यादा कंपनीगणिक बदलते, त्यामुळे जाहिरात शेवटपर्यंत वाचा. दुबईच्या एमिरेट्स कंपनीसाठी वय किमान २१ हवं, उंची १६०, आणि चवड्यांवर उभं राहून हात २१२ सेंटीमीटरपर्यंत पोचायला हवा. घरातल्या भिंतीवर टेप लावून तेवढ्यावर पेन्सिलने खूण करा आणि हात लावून बघा. वरच्या कप्प्यातलं आणीबाणीचं साहित्य काढता यावं, म्हणून हे माप.

आता क्लासबद्दल. खाजगी संस्थेचा डिप्लोमा सक्तीचा नाही. डीजीसीएची, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याची, मान्यता असलेलं खरं प्रशिक्षण निवड झाल्यावर विमान कंपनीच देते: आग विझवणं, प्रथमोपचार, धोकादायक मालाची ओळख, पाण्यातला सराव, दार उघडून घसरपट्टीवरून उतरणं. माझ्या आईने एफडी मोडून एका संस्थेची वर्षाची फी भरली होती. तिथे लिपस्टिकची छटा आणि अंबाडा शिकवला, घसरपट्टीचं चित्रसुद्धा दाखवलं नाही. त्या पैशांचं वाईट मला आजही वाटतं. क्लास लावायचाच तर बोलण्याचा सराव करून घेणारा लावा. आणि मुलाखतीसाठी किंवा नोकरीच्या 'खात्री'साठी कुणी पैसे मागितले, तर तिथून सरळ बाहेर पडा.

मी आवाजावर एवढा भर का देते? २ जानेवारी २०२४ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान उतरताना दुसऱ्या विमानावर आदळलं आणि पेटलं. आत ३७९ माणसं होती. विमानातली उद्घोषणा यंत्रणा बंद पडली. क्रूने मेगाफोन घेतला, ओरडून सूचना दिल्या, आठपैकी आग नसलेली तीनच दारं वापरली आणि सगळ्यांना बाहेर काढलं. चहा देणं हा या कामाचा छोटा भाग आहे. दर ५० आसनांमागे किमान एक क्रू हा नियमच मुळात अशा वेळेसाठी आहे.

आपल्या मुली हळू बोलतात, कारण लहानपणापासून त्यांना तेच सांगितलेलं असतं. म्हणून पहाटे तळजाईच्या टेकडीवर जा. मैत्रिणीला तीसेक पावलांवर उभी करा आणि पोटातून आवाज काढून सांगा, "सामान सोडा! इकडे या! उडी मारा!" मराठीत जमलं की हिंदीत, मग इंग्रजीत. पहिल्या दिवशी लाज वाटते, चौथ्या दिवशी नाही वाटत.

दुसरा सराव पीएमपीच्या बसमध्ये करता येतो. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी जंपसीटवर, म्हणजे क्रूसाठीच्या घडीच्या आसनावर, बसलेला क्रू मनातल्या मनात उजळणी करत असतो: माझं दार कोणतं, ते उघडतं कसं, बाहेर आग दिसली तर काय, मदतीला कुणाला घेऊ. तुम्हीही स्वारगेटला बस सुटताना तीस सेकंद हेच करा. आणीबाणीचं दार कुठे आहे, जवळ म्हातारं कोण आहे, कडेवर मूल कुणाच्या आहे. महिनाभरात नजरच बदलते.

पोहणं टिळक टँकवर किंवा महापालिकेच्या तलावावर शिका. स्पर्धेपुरतं नको, पण पाण्याची भीती गेली पाहिजे.

इंग्रजीसाठी रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचा आणि फोनवर रेकॉर्ड करून ऐका. उच्चार मराठी वळणाचे असले तरी हरकत नाही, वाक्य मात्र अर्ध्यावर सोडू नका. गटचर्चेत दुसऱ्याचं बोलणं तोडणारी मुलगी मागे पडते, हे मी पाहिलंय.

निवड झाल्यावर करारातली बाँडची (ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरण्याची) अटही वडिलांसोबत बसून वाचा. नेमणूक पुण्यातच मिळेल असं धरून चालू नका. घ्यायला येणारी गाडी रात्री दोनला दारात उभी असते, दिवाळीला आपण भलत्याच शहरात असतो. घरच्यांना हे आत्ताच सांगून ठेवा.

वॉक-इन मुलाखत (आधी वेळ न घेता थेट रांगेत उभं राहून द्यायची) मुंबईत अंधेरीच्या एखाद्या हॉटेलात असेल तर आदल्या रात्रीच जा. डेक्कन क्वीन सकाळी सव्वासातला सुटून साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला पोचते. तोवर अंधेरीतली रांग हॉटेलच्या दाराबाहेर आलेली असते. कोणाकडे उतरायचं ते आधी ठरवा, इस्त्रीचा शर्ट हँगरवरच न्या आणि मूळ कागदपत्रं वेगळ्या फोल्डरमध्ये स्वतःजवळ ठेवा.