व्हीलचेअरला मोटर जोडायचीय? आधी आपला चढ मोजा

साध्या व्हीलचेअरला लावायची ती मोटर येते ना, त्यातली कुठली घेऊ, हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतंच. आणि लगेच पुढचं वाक्य असतं की अमकी ३० किलोमीटर जाते, तमकी २५ च्या स्पीडने पळते. मी म्हणतो थांब जरा, तू अडकतोस कुठे ते आधी सांग. कारण स्पीड आणि रेंज बघून मोटर घेतली आणि ती घराबाहेरचा चढच चढेना, असं माझं स्वतःचं झालंय, चांगले पैसे गेलेत, म्हणून हे सगळं नीट बसून लिहितोय.

माझं थोडक्यात सांगतो. २०११ पासून चेअरवर आहे, मणक्याला मार, टी-१० लेव्हल, म्हणजे हात एकदम चांगले, कमरेखाली काही नाही. राहायला पुण्यात सहकारनगर, तळजई टेकडीच्या बाजूला, म्हणजे गेटबाहेर पडलं की एकतर चढ नाहीतर उतार. पहिली आठ-नऊ वर्षं हातानेच ढकलली. मग उजवा खांदा धरायला लागला, रात्री त्या कुशीवर झोपता येईना. फिजिओ मॅडम म्हणाल्या, तुझा खांदा हाच आता तुझा पाय आहे, तो गेला तर ढकलणं तर जाईलच पण बेडवरून चेअरवर, चेअरवरून कमोडवर जाणं पण जाईल. त्यामुळे खांदा पूर्ण धरेपर्यंत थांबू नका हे माझं पहिलं सांगणं, चढावर आणि लांबच्या अंतराला मोटर वापरा आणि घरात, सोसायटीत, सपाटीला हाताने ढकलत राहा, दोन्ही पाहिजे.

आता पहिलं काम. एक आठवडा वही ठेवा. रोज कुठे गेलात, किती अंतर, कुठे दम लागला, कुठे कोणाला तरी "दादा जरा ढकला" म्हणावं लागलं, कुठे पुढची छोटी चाकं अडकली. मी हे पहिल्या वेळी केलं नाही, दुसऱ्या वेळी केलं, आणि कळलं की माझं रोजचं सगळं मिळून अंतर जेमतेम ४-५ किलोमीटर आहे, ३० किलोमीटरच्या रेंजचं मी करणार काय? माझा खरा प्रॉब्लेम होता गेटपासून कोपऱ्यापर्यंतचा ७०-८० मीटरचा चढ, आणि मेडिकलसमोर उखडलेले पेव्हर ब्लॉक. बस, एवढ्यासाठीच मला मोटर पाहिजे होती. मित्र एरंडवण्यात राहतो, त्याच्याकडे सगळं सपाट, त्याला जंगली महाराज रोडच्या रुंद फुटपाथवरून रोज क्लासला जायचं असतं, त्याची गरज अगदी वेगळी. मग दोघांना एकच मोटर कशी चालेल?

चढ मोजायला मोबाईलमधलं लेव्हलचं ॲप पुरतं, एक सरळ फळी रस्त्यावर ठेवायची, त्यावर मोबाईल, अंश दिसतात. चांगल्या रॅम्पचा चढ १२ फुटांना १ फूट असतो, म्हणजे पाच अंशाला जरा कमी. आता हिशोब बघा, तुम्ही, चेअर, मोटर, पिशवी मिळून १०० किलो धरा, तर या चढावर साधारण ८ किलोची ओढ नुसती चढाची, आणि वर रस्त्याचं घर्षण दीड-दोन किलो. ही १० किलोची ओढ ताशी ५ च्या स्पीडने न्यायची तर चाकावर १४० वॉटच्या आसपास ताकद लागते, १० च्या स्पीडने न्यायची तर दुप्पट. म्हणजे २५० वॉटची मोटर चांगल्या रॅम्पवर नीट चढते पण सावकाश, आणि आपल्याकडे सोसायट्यांचे रॅम्प याच्यापेक्षा कितीतरी उभे असतात, पार्किंगचे तर विचारूच नका. विकणारा जो स्पीड सांगतो तो सपाट रस्त्यावरचा, त्याला विचारा की माझ्या वजनाला किती अंशाचा चढ, आणि मधे थांबून परत निघेल का. मधे थांबून परत निघणं हीच खरी परीक्षा, पळत येऊन चढ मारणं सगळ्यांना जमतं.

मोटर कुठे बसते यावर प्रकार पडतात. सगळ्यात जास्त दिसणारा म्हणजे पुढे लावायचा, हँडल, एक मोठं चाक, चाकातच मोटर, क्लॅम्पने फ्रेमला पकडलं की चेअरची पुढची छोटी चाकं उचलली जातात आणि तीनचाकी होते. आयआयटी मद्रासमधून निघालेल्या निओमोशनचं निओबोल्ट याच प्रकारातलं, ते त्यांच्याच निओफ्लाय चेअरला लागतं, २०२१ मध्ये आणलं तेव्हा किंमत ५५ हजार आणि स्पीड २५ पर्यंत सांगितला होता. बाहेरच्या देशातले ट्रायराइड, बाटेक हे पण असेच. पुण्याच्या रस्त्यांना हा प्रकार मला सगळ्यात बरा वाटतो, कारण आपल्याला पाडतात ती छोटी चाकंच, ड्रेनेजच्या जाळीत, पेव्हरच्या फटीत, खडी टाकून ठेवलेल्या पॅचमध्ये. ती वर उचलली की अर्धी भीती गेली.

पण त्याची एक खोड आहे आणि ती मला कोणी सांगितली नव्हती. चढाला लागलं की वजन मागच्या चाकांवर जातं, पुढचं चाक हलकं होतं, आणि ओढायचं काम तर पुढच्याच चाकाला. जुलैचा पाऊस, माझा तोच चढ, मी अर्ध्यात, आणि पुढचं चाक जागच्या जागी गरागरा फिरतंय, चेअर हळूहळू मागे. हातांनी मागच्या चाकांची रिम, म्हणजे ढकलायची कडी, पकडून ठेवली आणि ओरडलो, भाजीवाला धावत आला म्हणून बरं. आता मी काय करतो, चढावर छातीने पुढे झुकतो, पाठीची बॅग काढून पुढे मोटरच्या दांड्याला अडकवतो, आणि टायर गुळगुळीत झाला की लगेच बदलतो. ज्यांचा पोटाच्या स्नायूंवर कंट्रोल नाही त्यांना असं झुकता येणार नाही, त्यांनी ओल्या चढावर ट्रायल घेतल्याशिवाय पुढचा प्रकार घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रकार मागे लागतो, सीटच्या खाली, एक छोटं चाक मागून चेअरला ढकलतं. स्मार्टड्राइव्ह आणि आल्बर कंपनीचं स्मूव्ह ही नावं ऐकली असतील. सहा-सात किलोच्या आसपास वजन, चेअरची लांबी वाढत नाही, लिफ्टमध्ये, ऑफिसमध्ये, टेबलाखाली सगळीकडे चेअर आहे तशीच जाते. ज्याचं दिवसभर आत-बाहेर चालू असतं त्याला हे फार सोयीचं. पण यात पुढची छोटी चाकं जमिनीवरच राहतात आणि मागून मोटर ढकलत असते, खड्डा आला, चाक रुतलं, मोटर ढकलतच राहिली, की माणूस सरळ पुढे तोंडावर. थांबवायची सवय हातात मुरेपर्यंत पट्टा लावल्याशिवाय बाहेर नेऊ नका. आणि हे नुसतं ढकलतं, थांबवत नाही, उतारावर ब्रेक म्हणजे तुमचेच तळहात, ग्लोव्हज लागतातच. एरंडवण्याच्या मित्राला मी हाच प्रकार सुचवेन, माझ्या चढ-उताराला नाही.

तिसरा, मागची दोन्ही मोठी चाकंच बदलायची, मोटर चाकाच्या मध्यात. आल्बरचं ई-मोशन असतं तसं. तुम्ही रिमला हलका धक्का दिला की चाक स्वतः जोर लावतं. खांदा गेलाय पण ढकलायची सवय सोडायची नाही त्याला हे मनापासून आवडतं. पण चाकं जड, गाडीत टाकताना एकेक चाक उचलणाऱ्याचं मनगट दुखतं, चेअरची रुंदी पण थोडी वाढते, जुन्या वाड्यातली बाथरूमची दारं आधी टेपने मोजा. चाक चटकन काढता येईल असा एक्सल, म्हणजे चाकाचा दांडा, चेअरला असावा लागतो, नट-बोल्टवाल्या हॉस्पिटल चेअरला हे बसत नाही. याच घराण्यात जॉयस्टिकवर चालणारी चाकं पण येतात, ज्याच्या हातात रिम ढकलायचीच ताकद नाही त्याच्यासाठी. आणि ढकलणारी आई किंवा बायको असेल आणि तिचीच कंबर गेली असेल तर मागे हँडलवरून तिने चालवायची मोटर येते, ती लोकांना माहीतच नसते, खास विचारा.

आता चेअरचं. ती चकचकीत घडीची हॉस्पिटल चेअर आहे ना, १८-२० किलोची, तिला पुढची मोटर लावायच्या आधी फ्रेमचा पाइप बघा. पाइप बहुतेक २२ किंवा २५ मिलिमीटरचा असतो, आणि क्लॅम्प त्याच मापाचा पाहिजे. माझ्या पहिल्या मोटरचा क्लॅम्प २५ चा, चेअरचा पाइप २२ चा, बसवायला आलेल्या माणसाने सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून घट्ट केला आणि गेला. आठ दिवसांत क्लॅम्प बोटभर खाली सरकला, छोटी चाकं परत जमिनीला टेकायला लागली, आणि मला कळलं कधी तर स्पीडब्रेकरवर. खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरमधून, म्हणजे १९७४ पासून जखमी जवानांसाठी असलेलं ते, तिथून आलेल्या एका निवृत्त जवानाने मला एक युक्ती शिकवली ती आजही करतो. क्लॅम्प योग्य मापाचा बसवून घट्ट झाला की क्लॅम्पवरून पाइपवर जाईल अशी पांढऱ्या नेलपेंटची एक आडवी रेघ मारायची. रोज निघताना एक नजर टाकायची, रेघ तुटलेली दिसली म्हणजे क्लॅम्प सरकलाय, त्या दिवशी बाहेर नाही जायचं. दहा रुपयांच्या नेलपेंटने माझे दात वाचवलेत.

घडीची फ्रेम मोटरच्या ओढीने सीटखालच्या फुलीसारख्या पट्ट्यांपाशी हलते, खुळखुळ आवाज येतो, दर महिन्याला सगळे बोल्ट बघावे लागतात. रिजिड, म्हणजे घडी न होणाऱ्या फ्रेमला हा त्रास खूप कमी. चेअर वॉरंटीत असेल तर मोटर लावल्यावर वॉरंटी राहते का हे चेअर विकणाऱ्याकडून लिहून घ्या. आणि चेअरच बेमापाची, सैल असेल तर खरं सांगतो, आधी चेअर बदला, मोटर नंतर.

हाताचं पण बघा. माझी एक मैत्रीण बिबवेवाडीला, तिची इंज्युरी मानेत, सी-६, बोटं वळत नाहीत, मनगट चालतं. दुकानात तिला पिळायचा ॲक्सिलरेटर दिला, तो तिला पिळताच येईना, आणि ब्रेकचा लिव्हर तर दोन बोटांनी दाबायचा. शेवटी मनगटाने ढकलता येईल अशी पट्टी आणि तळहात अडकेल असं हँडल लावून घेतलं तेव्हा जमलं. ब्रेक तुमच्या कमजोर हाताने दाबून बघा, चांगल्या हाताने नाही.

ट्रायल स्वतःच्या रस्त्यावर मागा, दुकानाच्या टाइल्सवर सगळंच छान चालतं. कोणी मदत न करता मोटर स्वतः लावून-काढून बघा, पाच वेळा, कारण पुढची मोटर १०-१५ किलोची असते आणि पावसात, घाईत तुम्ही एकटेच असाल. उतारावर मधे पूर्ण थांबून बघा, पार्किंग ब्रेक लावून हात सोडा. वळण स्पीडमध्ये कधीच घ्यायचं नाही, तीनचाकी कडेला उलटते, १० च्या स्पीडला सुद्धा. सोसायटीच्या लिफ्टमध्ये मोटर लावलेली चेअर मावते का, आणि रिव्हर्स आहे का ते बघा, रिव्हर्स नसेल तर लिफ्टमधून मागे येताना सगळं हाताने. मी स्वारगेटपर्यंत मोटरवर जातो, तिथून मेट्रो, सप्टेंबर २०२४ ला स्वारगेट चालू झाल्यापासून माझं शहरच मोठं झालंय, पण लिफ्टमध्ये माझी लांबी किती होते हे मी आधी एकदा दुपारी गर्दी नसताना जाऊन बघून आलो होतो.

बॅटरीचं एकच गणित लक्षात ठेवा, व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर म्हणजे ३६०. चढ-उतार, थांबणं-निघणं धरून मी किलोमीटरला १५ वॉट-अवर धरतो, म्हणजे २४ किलोमीटर, आणि दोन वर्षांनी त्याच्याहून कमी. विमानाने जाणारे असाल तर हे जास्त महत्त्वाचं, चेअरमधून काढता येणारी लिथियम बॅटरी केबिनमध्ये ३०० वॉट-अवरपर्यंतच नेता येते, ही ३६० वाली लोहगाव विमानतळावर अडेल, मग दोन छोट्या बॅटऱ्यांचं मॉडेल बघा आणि एअरलाइनला आधी कळवा. चार्जिंग जिन्याखाली किंवा दाराच्या वाटेत लावू नका, काही पेटलं तर आपल्याला उडी मारून बाहेर पळता येत नाही, आणि चार्जर बॅटरीसोबत आलेलाच वापरा.

सर्व्हिस कोण देणार हे पैसे देण्याआधी. साधी हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यातली, आणि साधा कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज कमी-जास्त सोडणारा डबा, असेल तर ई-बाइक दुरुस्त करणारा कोणीही बघू शकतो, १६ इंची ट्यूब सायकलवाल्याकडे मिळते. इम्पोर्टेड बंद डब्याची मोटर बिघडली की कुरिअरने बाहेर जाते आणि तुम्ही महिनाभर घरात, तेव्हा तेवढ्या काळात बदली युनिट देणार का विचारा. माझी आत्ताची मोटर दिसायला ओबडधोबड आहे, २५ काय १२ च्या वर पळत नाही, पण गेअरवाली हब आहे, कमी स्पीडला जोर चांगला देते, आणि त्या ७० मीटरच्या चढावर मी मधे थांबून भाजी घेऊन परत निघतो.