ग्रंथसूचीच्या एपीआयमध्ये पॅरामीटरनुसार निकाल कसे गाळावेत

बडोद्यातील एका मराठी मंडळाच्या ग्रंथालयाची सूची आपण एपीआयद्वारे, म्हणजे एका प्रोग्रॅमला दुसऱ्याकडून माहिती मागता येईल अशा मार्गाने, खुली केली आहे, असे समजू. वाचक सहसा सगळी यादी मागत नाही; सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८७५ ते १९३९ या काळात छापलेली मराठी पुस्तके तेवढी दाखवा, असे त्याचे म्हणणे असते. ही मागणी यूआरएलमध्ये (वेबपत्त्यात) प्रश्नचिन्हापुढे ‘नाव=मूल्य’ अशा जोड्यांनी, म्हणजे पॅरामीटरनी, अशी येते:

/पुस्तके?भाषा=मराठी&पासून=१८७५&पर्यंत=१९३९

इथे नावे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन ठेवावीत, कारण पर्सेंट-एन्कोडिंग (रोमनेतर अक्षरे टक्केचिन्हाच्या संकेतांत बदलणे) झाल्यावर नुसता ‘मराठी’ हा शब्दच ४५ अक्षरे व्यापतो.

सर्वप्रथम कोणते पॅरामीटर स्वीकारायचे, याची यादी कोडमध्येच लिहून ठेवावी. यादीबाहेरचे नाव आले, तर ते गुपचूप सोडून न देता ४०० (‘मागणी चुकीची’) हा स्टेटस कोड आणि चुकलेले नाव परत पाठवावे. अनेक जण असे नाव दुर्लक्षितात. मीही पूर्वी तेच करत असे. एकदा ‘भाषा’ऐवजी ‘भाशा’ असे टाइप झाले, अट लागलीच नाही, आणि मराठी पुस्तकांची म्हणून जी यादी छापली गेली तिच्यात गुजराती पुस्तकेही होती. एररपेक्षा बरोबर वाटणारे चुकीचे उत्तर अधिक महागात पडते.

त्यानंतर मूल्ये तपासावीत. यूआरएलमधून येणारे सर्व काही मजकूरच असते, त्यामुळे वर्षाचे अंकात रूपांतर आपणच करावे लागते. मराठी वापरकर्ता वर्ष देवनागरी अंकांत लिहील, हे विसरू नये: पायथॉनमधील ‘इंट’ फंक्शन ‘१९३९’ बिनतक्रार स्वीकारते, जावास्क्रिप्टमधील ‘नंबर’ मात्र ते अंक नाहीतच असे सांगते. ‘पासून’ हे ‘पर्यंत’पेक्षा मोठे असेल, तर तेही ४०० देऊन परतवावे. शीर्षकातील शब्द शोधायचा असेल, तर आलेला शब्द आणि साठवलेले शीर्षक दोन्ही युनिकोडच्या एनएफसी रूपात (एका अक्षराच्या एकाच ठरलेल्या संकेतरूपात) आणावे. ‘वऱ्हाड’मधला ‘ऱ’ कधी एका चिन्हाने, तर कधी ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी साठवलेला असतो, आणि डोळ्यांना सारखे दिसणारे हे दोन शब्द डेटाबेसला वेगळे वाटू शकतात.

आता क्वेरी, म्हणजे डेटाबेसला एसक्यूएल भाषेत विचारायचा प्रश्न, बांधावी. अटींची एक आणि मूल्यांची एक, अशा दोन रिकाम्या याद्या घ्याव्यात. जो पॅरामीटर आला असेल, त्याची प्लेसहोल्डर (मूल्यासाठी राखलेली खूण) असलेली अट पहिल्या यादीत आणि त्याचे मूल्य दुसऱ्या यादीत टाकावे. शेवटी अटी ‘अँड’ने जोडाव्यात, आणि एकही अट नसेल तर ‘व्हेअर’ (अटींआधी येणारा शब्द) लिहूच नये. मूल्य थेट एसक्यूएलच्या ओळीत चिकटवणे म्हणजे एसक्यूएल इंजेक्शनला (मूल्याच्या आडून डेटाबेसला परकी आज्ञा देण्याला) दार उघडे ठेवणे होय. क्रम लावताना मात्र प्लेसहोल्डर कामाला येत नाही, कारण तो मूल्याची जागा घेतो, कॉलमच्या नावाची नाही. म्हणून ‘वर्ष’ किंवा ‘शीर्षक’ अशा ठरलेल्या शब्दांवरून कॉलमचे नाव आपल्याच कोष्टकातून निवडावे.

एका पानावर किती नोंदी द्यायच्या, याला कमाल मर्यादा हवी, उदाहरणार्थ १००. त्याचबरोबर क्रमात शेवटी पुस्तकाचा आयडी जोडावा. अन्यथा एकाच वर्षाची पुस्तके पान उलटताना पुन्हा दिसतात किंवा मधूनच गळतात.

चाचणी घेताना योग्य मागण्यांइतक्याच वाकड्या मागण्याही पाठवाव्यात: रिकामी भाषा, अक्षरांत लिहिलेले वर्ष, अवतरणचिन्ह असलेले शीर्षक, आणि एकही पुस्तक न जुळणारी पण नियमात बसणारी मागणी. या शेवटच्या मागणीला ४०४ (‘सापडले नाही’) नव्हे, तर २०० (‘ठीक’) आणि रिकामी यादी हे उत्तर मिळाले पाहिजे.