जुनं सुतारी हत्यार ओळखताना
जुन्या पेटीत अनोळखी हत्यार सापडलं, तर लगेच पॉलिश पेपरने घासू नका, त्यावरचे बनवणाऱ्याचे ठसे जातात. तेलाचा बोळा फिरवा आणि आधी धार बघा. रंध्याचं पातं वळणदार असेल तर ते कागदावर ठेवून पेन्सिलने कड गिरवा. लाकडावर याच्या उलट आकार उमटतो, त्यावरून तो चौकटीला गोलाई काढायचा की खाच, हे कळतं. गोल लाकडी दांड्यावर दोरीने घासल्याच्या खुणा आणि टोकाला पोलादी अणी म्हणजे बहुधा भोकं पाडायचा सामता. त्याची धनुकली, म्हणजे तो फिरवायचं दोरीचं छोटं धनुष्य, वेगळी पडलेली असते, तीही शोधा. पात्यावर ‘कास्ट स्टील’ असेल तर ते बीड, म्हणजे ठिसूळ ओतीव लोखंड, समजून भंगारात अजिबात देऊ नका! मुशीत वितळवलेलं ते उत्तम पोलाद. ‘शेफील्ड’ असेल तर इंग्लंडचं.