अ‍ॅम्पचे दोन चॅनल जंपर करताय? आधी या चुका टाळा

चार भोकांचा, म्हणजे चार इनपुटांचा, जुन्या पद्धतीचा गिटारचा ट्यूब अ‍ॅम्प हाती आला की प्रत्येकाला जंपर करायची, म्हणजे छोट्या पॅच केबलने दोन्ही चॅनल जोडून एकत्र वाजवायची, हुक्की येते. यावी. मार्शलचा 1962 चा जेटीएम45 फेंडरच्या बासमनवरून बेतलेला, आणि तिथपासून पुढे मार्शलच्याच सुपर लीडपर्यंत रचना तीच: एक कडक ब्राइट चॅनल, एक गोलसर नॉर्मल चॅनल, प्रत्येकाला हाय आणि लो अशी दोन इनपुटं. दोन्ही चॅनल एकत्र वाजवले की जो भरदार आवाज येतो तो एकट्या चॅनलमधून येत नाही. पण माझ्याकडे ‘बिघडला’ म्हणून येणाऱ्या अ‍ॅम्पांमध्ये असेही बरेच असतात, ज्यांत बिघडलेलं काहीच नसतं. फक्त पॅच केबल भलत्या जागी खोचलेली असते.

जोडणी अशी: गिटार पहिल्या चॅनलच्या हायमध्ये. पॅच केबलचं एक टोक त्याच चॅनलच्या लोमध्ये, दुसरं टोक दुसऱ्या चॅनलच्या हायमध्ये. ‘लो तर इनपुट आहे, त्यातून सिग्नल बाहेर कसा येईल?’ असं दर वेळी कुणीतरी विचारतं. आत दोन्ही जॅक 68 किलोओहमच्या एकेका रेझिस्टरमधून ट्यूबच्या एकाच ग्रिडला जोडलेले असतात, त्यामुळे हायमध्ये आलेला सिग्नल लोमधून बाहेर काढता येतो. वाटेत थोडा कमी होतो, तेवढं चालतं. मात्र दुसरं टोक हायऐवजी लोमध्ये घातलंत तर तिथल्या रेझिस्टरांच्या जोडीमुळे दुसऱ्या चॅनलला जेमतेम चौथाई सिग्नल पोचतो, पिकअपवरचा भार वाढतो आणि ट्रेबल मरतो. मग मालक म्हणतो, ‘जंपर करून काही फरकच पडत नाही.’ कसा पडेल?

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक. मार्शलवर चालतं म्हणजे सगळीकडे चालतं, असं धरून चालायचं!

एक मुलगा ब्लॅकफेस, म्हणजे काळ्या पॅनेलच्या जुन्या फेंडरच्या पद्धतीचा रिव्हर्ब (घुमारा देणारा) अ‍ॅम्प घेऊन आला. सर्किट साठच्या दशकातल्या डिलक्स रिव्हर्बचं, हाताने जोडलेलं, काम सुरेख. तक्रार एकच: आवाज पातळ, बेस गायब. येण्याआधी त्याने प्रीअ‍ॅम्पच्या सगळ्या ट्यूब बदलल्या होत्या. एका दुकानदाराने स्पीकर ‘थकलाय’ असं सांगून नवा गळ्यात मारला होता. ‘दादा, आता आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदलू का?’ असं विचारायला तो आला होता. पॅच केबल अजून जॅकमध्येच लटकत होती. मी नॉर्मल चॅनलचा व्हॉल्यूम शून्यावर आणला. बेस परत आला. पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला.

कारण असं की ट्यूबची प्रत्येक गेन स्टेज सिग्नल उलटा करते. या अ‍ॅम्पमध्ये व्हायब्रॅटो चॅनलला रिव्हर्बपायी नॉर्मलपेक्षा एक स्टेज जास्त असते. म्हणजे दोन्ही चॅनल पुढे एकत्र येतात तेव्हा एकाचा सिग्नल वर जात असतो आणि दुसऱ्याचा खाली. दोघे एकमेकांना खातात. यात ट्यूबचा किंवा स्पीकरचा दोष नाही. त्या रचनेत हे होणारच.

तपासायला पैसे लागत नाहीत. जंपर करा, एक व्हॉल्यूम 4 वर ठेवा, जाड तार वाजवत दुसरा शून्यापासून सावकाश वर न्या. आवाज भरत गेला तर ठीक. मध्येच बेस खचला तर चॅनल उलटे आहेत, केबल काढून ठेवा. फारच हौस असेल तर फेज, म्हणजे सिग्नलची दिशा, उलटवायची सोय असलेला एबीवाय बॉक्स (एक गिटार दोन इनपुटांना वाटणारा) घ्या. सर्किटमध्ये बदल करूनही जुळवता येतं, पण मूळ साठच्या दशकातल्या अ‍ॅम्पमध्ये एवढ्यासाठी सोल्डरिंग करायला मी हात लावत नाही.

दुसरी चूक नॉबची. जंपर केलं की दोन्ही व्हॉल्यूम 10 वर. जंपरने वॅट वाढत नाहीत. सुपर लीड 100 वॅटचा असतो तो तेवढाच राहतो. बऱ्याच सुपर लीडमध्ये ब्राइट व्हॉल्यूमवर 5000 पिकोफॅरडचा कपॅसिटर असतो, त्यामुळे तो नॉब खाली असताना आवाज कानात टोचतो आणि वर नेला की टोचणं कमी होतं. मी आधी फक्त नॉर्मल वाजवतो, 5 च्या आसपास, बेस थोडा कमी करून. मग ब्राइट हळूहळू वर आणतो, पिकची धार ऐकू येईपर्यंत. ट्रेबल आणि प्रेझेन्स सगळ्यात शेवटी. ट्रेबल दोन्ही चॅनलना सामाईक आहे, त्यामुळे तो आधी लावून बसलात तर दोन व्हॉल्यूमचा ताळमेळ समजतच नाही. याला अर्धा तास लागतो. व्हिडिओतली सेटिंग पाहून दोन मिनिटांत उरकणाऱ्यांनी नंतर मला फोन करू नये.

बाकीच्या पटापट. पॅच केबल छोटी आणि शिल्डेड हवी. स्पीकरची वायर तिथे लावली की हम, म्हणजे सततची गुणगुण, ठरलेला. आणि उलट, गिटारची केबल स्पीकरला लावू नका. ब्लॅकफेसमध्ये व्हायब्रॅटो आणि रिव्हर्ब एकाच चॅनलला असतात, त्यामुळे जंपर केल्यावर ते ‘अर्धेच लागतात’ ही तक्रार नाही. जंपर केल्यावरच खरखर आली तर आधी एकेक चॅनल वेगळा वाजवून बघा: मार्शलच्या पहिल्या ट्यूबचा एक अर्धा भाग एका चॅनलला आणि दुसरा दुसऱ्याला असतो, त्यामुळे एकच अर्धा खराब असू शकतो. स्पीकर न जोडता अ‍ॅम्प चालू करू नका, ‘फक्त लाइट लागतेय का बघायला’ सुद्धा नाही. कायमचं जंपर करायला चॅसिस उघडायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये 400 व्होल्टच्या वर वीज शिल्लक राहू शकते. दीड फुटाची केबल वाचवायला एवढा धोका कशाला?

आणि अमेरिकेतून कुणाच्या बॅगेतून आलेला जुना फेंडर असेल तर जंपरच्या आधी मागची पट्टी वाचा. तिथे 117 व्होल्ट लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या 230 ला तो स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावायचा नाही, आणि दोन पिनची जुनी वायर असेल तर ती बदलून अर्थिंगची तीन पिनची करून घ्यायची.